पिशवी खाली ठेव

उस्ताद आणि त्याच्या बायकोचं रोज कडाक्याचं भांडण होतं, असं सगळ्या गल्लीला वाटायचं. भांडण कसलं, ती त्याला फक्त चहा विचारत असायची. जन्मभर लोकांचे डोझर चालवून उस्तादाचे कान गेले होते, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कळलंच. डोझर मागे घेताना त्याला हाक ऐकू आली नाही, मागचा माणूस थोडक्यात वाचला आणि कंत्राटदाराने उस्तादाला घरी बसवलं.

बहिऱ्याला काम कोण देणार? स्वतःचं मशीन असलं, तर मात्र कान कुणी तपासत नाही. म्हणून एक जुना, छोटा, साखळीपट्ट्यांवर चालणारा डोझर बघायला जायचं ठरलं.

निघण्याआधी त्याने बायकोला स्वयंपाकघरात उभं केलं.

"धूर मला दिसेल, चाकाचे दात बोटांना कळतील. तू फक्त मागे घेताना ऐक. पोटातून असा आवाज आला..." त्याने पातेलं पालथं घालून त्यावर उलथनं हाणलं, खट्, खट्, "तर खांद्याची पिशवी खाली ठेव. तोंडाने काही बोलू नकोस."

"आणि नाही आला तर?" ती ओरडली.

"तर खांद्यालाच राहू दे."

विकणारा जिभेवर साखर ठेवूनच आला होता. "हात लावून बघा दादा, इंजिन थंडगार आहे. आधीच तापवून गिऱ्हाइकाला फसवणाऱ्यांतले आम्ही नाही. कुठे होतात कामाला?"

"हो, हो," उस्ताद म्हणाला.

"घसा बसलाय त्यांचा," ती मध्ये पडली. "माझ्याशी बोला."

"म्हणजे मालक तुम्हीच, वहिनी!"

"घरात तरी."

उस्तादाने वाकून पट्ट्या ओढून बघितल्या, दातांवरून अंगठा फिरवला आणि वर चढला. दांड्यांवर हात पडले नि त्याची पाठ ताठ झाली. घरी खिडकीशी बसून बसून हा माणूस पोत्यासारखा झाला होता. भाजी निवडायला दिली तर देठं ठेवून पानं फेकायचा. आता त्याने पुढचं पातं उचललं, अलगद टेकवलं, मातीचा ढीग लोण्यासारखा कापत नेला. ती बघतच राहिली.

मग त्याने डोझर मागे घेतला. खट्. खट्. हुबेहूब पातेलं.

"ग्रीस नवीन भरलंय बरं का, वहिनी!" विकणारा एकदम मोठ्याने बोलायला लागला.

उस्तादाने वळून तिच्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, पिशवीकडे. पिशवीचा बंद घसरून तिच्या कोपरापर्यंत आला होता. खाली ठेवली, तर पुन्हा ती खिडकी, पुन्हा तो पोत्यासारखा माणूस. तिने बंद खांद्यावर चढवला.

उस्ताद हसला. कान गेल्यापासून पहिल्यांदा.

तिसऱ्याच कामावर, अर्धवट उकरलेल्या जागेत डोझर जो थांबला तो मागेही जाईना नि पुढेही. मेकॅनिकने गिअरपेटी उघडून तुटक्या दातांचे तुकडे डब्यात ओतले.

"हे आजचं दुखणं नाही, बाई. कधीचं वाजत असणार. ठार बहिऱ्यालाही ऐकू आलं असतं."

उस्ताद तिच्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणतो?"

"जुनं होतं, म्हणतो," ती ओरडली.

घरी आल्यावर तो बराच वेळ बूट न काढता बसून होता. मग बोलला ते इतक्या हळू, की तिला जवळ जावं लागलं.

"मला लागत होतं कमरेत. त्याच दिवशी. खट् खट्."

"मग घेतलात कशाला?"

"तुझी पिशवी खांद्याला होती. म्हटलं, आपलीच हाडं वाजत असतील."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तिने तोंड उघडलं, पण जे सांगायचं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

भंगारवाला डोझरचा सौदा करायला घरी आला, तेव्हा दारातच काहीतरी म्हणाला. सवयीने ती सांगायला पुढे झाली. उस्तादाने तिच्याकडे बघितलंच नाही. खिशातून पेन्सिल आणि कागद काढून त्याने भंगारवाल्यापुढे धरला.

"लिहून दे," तो म्हणाला.