रफिकभाईंनी बेस सरळ केला

पुण्याहून निघालेली एसटी गेवराईत थांबली, तेव्हा माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. न्यायला रफिकभाई मोटारसायकल घेऊन आले होते. पन्नाशीला टेकलेले, हायवेवर गॅरेज, आणि एके काळी पोटापाण्यासाठी बेसबॉल खेळलेले. एका कंपनीनं त्यांना खास संघासाठी नोकरीवर घेतलं होतं.

"कागदावर फिटर, मैदानात शॉर्टस्टॉप," ते म्हणाले. (शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा.) पुढं संघ बंद पडला, नोकरी गेली, आणि भाई परतले.

त्यांचं मूळ गाव तलवाडा. तिथं आज चकलांब्याशी बेसबॉलचा सामना होता, तो बघायला त्यांनी मला बोलावलं होतं. उसाच्या कडेनं धक्के खात जाताना भाई म्हणाले, "हरलो तर पोरं मला संघाबाहेर बसवणार. गुडघा लई कुरकुरतो आता."

पोचताच भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) पुढ्यात आली. तिखटानं डोळे वाहत असतानाच कळलं, पंच मीच. दोन्ही गावांचा एकमेकांच्या पंचावर भरवसा नव्हता, आणि मी कॉलेजात खेळलोय हे भाईंनी परस्पर सांगून टाकलं होतं.

भाईंच्या हातून दोन सोपे चेंडू निसटले. पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटच्या डावात तलवाडा एका धावेनं पुढं होतं, एकच गडी बाद व्हायचा होता, आणि चकलांब्याचे बागायतदार अण्णासाहेब टोला हाणून धापा टाकत दुसऱ्या बेसवर पोचले. चेंडू भाईंकडे आला. तो द्यायला ते पिचरजवळ (चेंडू फेकणाऱ्याजवळ) गेले, कानात काही बोलले, पाठ थोपटून परतले. पिचर बाजूला बसून बुटाची नाडी बांधू लागला.

"अण्णा, बेस वाकडा झालाय. जरा पाय काढता का? सरळ करतो."

अण्णांनी भलेपणानं पाय उचलला. भाईंनी ग्लोव्ह त्यांच्या पोटाला टेकवला. चेंडू आतच होता; पाय बेसवर नसताना चेंडू टेकवला की गडी बाद.

अण्णा थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पाव्हणं, नियमात बसतं का हे?"

"बसतं." माझा आवाज जरा बारीकच निघाला.

"मग आऊट द्या की. कावून थांबलात?"

मी हात वर केला. अण्णांनी वळून भाईंच्या पाठीत धपाटा घातला. "लई बेरकी हायस बे तू."

परतताना मी विचारलं, "कंपनीत असताना असं किती जणांना काढलंत?"

"एकालाबी न्हाई. तिथं पगार होता. साहेब नाराज झाले तर? भीतीपायी सरळ खेळायचो."

एसटी सुटली तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मीही नोकरी तशीच करत आलोय, अगदी सरळ. सगळे त्याला माझा चांगुलपणा समजतात.