यादीतला उर्दू लेख

वरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता आणि अर्जासोबत छापून आलेल्या शोधनिबंधांची यादी जोडायची होती. माझी यादी एका ओळीत संपली. ती ओळही उर्दूत होती.

परभणीच्या शेतकी फार्मवर मी वनस्पतिरोगांचा सहायक होतो. माझं शिक्षण हैदराबादला, सगळं उर्दूतून झालेलं. निजामाची राजवट गेली, दफ्तरातली उर्दू हळूहळू मागे पडली, पण माझा हात उर्दूतच चालायचा. काम होतं भेंडीच्या केवड्यावर. या रोगात आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान, आणि भेंडी पांढुरकी, निबर निघते. हा रोग विषाणूचा आहे आणि पांढरी माशी तो पसरवते, एवढं माहीत होतं. शेतात भेंडी नसते तेव्हा हा विषाणू आमच्याकडे राहतो कुठे, ते मला सापडत नव्हतं.

ते दाखवलं झरीच्या एका बाईंनी. त्या शेळ्या राखायच्या. मी सायकलवर झरीला जाऊन एका वावरात पिवळी पानं गोळा करत होतो आणि त्या बांधावर उभ्या राहून बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"इथं काय हुडकायलाव, साहेब?" त्या म्हणाल्या. "इहिरीजवळचा बांध बघा. तिथली रानभेंडी उन्हाळाभर पिवळी आसती. मग हे वावर पिवळं पडतं. पल्याडच्या बांधाची रानभेंडी माझ्या शेळ्या बुडापासून खातेत. तिथली भेंडी लय उशिरा पिवळी पडती."

मी दोन्ही बांध फिरून पाहिले. त्या म्हणाल्या तसंच होतं.

पुढचे दोन हंगाम मी मलमलीचे पिंजरे शिवून घेतले, काचेच्या नळीनं रानभेंडीवरच्या माश्या ओढून घेतल्या आणि निरोगी रोपांवर सोडल्या. रोपांच्या शिरा पिवळ्या पडल्या. शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका उर्दू मासिकात मी ते लिहिलं. पहिल्याच परिच्छेदात त्या बाईंचं नाव आणि गाव घातलं.

राज्यपुनर्रचनेनंतर आमच्यावर नवे साहेब आले होते. अर्ज त्यांच्याकडूनच वर जायचा. त्यांनी मला बोलावलं आणि यादीवर बोट ठेवलं.

"हे प्रकाशन म्हणून धरता येणार नाही."

"का, साहेब?"

"मासिक शेतकऱ्यांचं, भाषा उर्दू. याचा दाखला आपल्या निबंधात कोण देणार? ज्याचा दाखला कुणी देत नाही ते छापलं काय आणि नाही काय." मग आवाज उतरवून म्हणाले, "इंग्रजीत लिहा. मी पाठवतो. माझं नाव आधी, तुमचं नंतर. आणि त्या शेळीवालीचं नाव काढून टाका. लोक हसतील."

"इंग्रजीत लिहितो," मी म्हणालो. "पण साहेब, तुम्ही झरी पाहिलेलं नाही. तुमचं नाव कशासाठी घालायचं ते मला कळत नाही. त्या बाईंचं कशासाठी, ते कळतं."

साहेब म्हणाले, "परवा अर्ज जाणार आहेत. विचार करा."

"विचार झालाय, साहेब."

यादी तांबड्या शाईनं काट मारून माझ्या टेबलावर परत आली. मी नवा कागद घेतला, तीच ओळ पुन्हा उर्दू लिपीत लिहिली, खाली मराठीत मथळ्याचा अर्थ दिला आणि कागद पुन्हा आत पाठवला. जागा दुसऱ्या एकाला मिळाली. त्याची यादी लांबलचक होती. मी ती वाचली. एकच प्रयोग तीन मथळ्यांखाली तीनदा छापलेला होता.

मी शब्दकोश शेजारी घेऊन इंग्रजी निबंध एकट्याच्या नावानं लिहिला आणि एका शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला. संपादकांनी तो परत पाठवला. पहिलं निरीक्षण कुणाचं, त्याचा छापील संदर्भ द्या, असं त्यांनी कळवलं होतं. छापील संदर्भ एकच होता. मी तोच उर्दू लेख दिला, बाईंच्या नावासकट, आणि निबंध छापून आला.

काही महिन्यांनी मद्रासकडच्या एका संशोधकानं आपला निबंध मला टपालानं पाठवला. त्याच्या संदर्भयादीत माझी दोन्ही लिखाणं होती, आणि एकापुढे कंसात लिहिलं होतं, उर्दू. साहेबांच्या टेबलावर मी तेच पान उघडून ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि मला जायला सांगितलं.

मी झरीला गेलो. बाईंना सगळं सांगितलं.

"मद्रासला माझं नाव गेलं?"

"माझ्या निबंधातून गेलं, मावशी."

"मद्रासला कळून काय उपेग? इथलं मालक तर माझ्या शेळ्या बांधावरून हाकलायलेत. त्यांनला सांगितलं का कुणी?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. तसाच सायकल घेऊन मी विहिरीजवळच्या वावराच्या मालकांकडे गेलो आणि रानभेंडीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, शेळ्या पीक खातील. मी म्हणालो, पीक नसतं तेव्हा, उन्हाळ्यात सोडा. तासभर हुज्जत झाली. शेवटी ते एका बांधाला कबूल झाले, फक्त त्या वर्षापुरते. वरची जागा मला पुढेही मिळाली नाही. त्या बांधासाठी आणि उरलेल्या बांधांसाठी मी दुसऱ्या उन्हाळ्यात मालकांच्या दारात पुन्हा जाऊन बसलो.