भाकरीचा फोटो

बाळांनो, आपल्या शेजारचा फोटोवाला पासपोर्ट फोटोंच्या सवयीने वांग्याच्या भाजीलाही "मान सरळ ठेवा" म्हणतो. काल कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्याच्या बोर्डासाठी त्याने ज्वारीची भाकरी पांढऱ्या चादरीपुढे ठेवून लख्ख दिवे लावले. मीही हौसेने गेले होते. पांढऱ्यावर पांढरी, फोटोत भाकरी दिसेचना!

ढाबेवाल्या बाई कडाडल्या, "बोर्डवाला येऊन राहिला, अन् माझी भाकर कुठं गेली रे?"

"थांबा ना, मावशी!" म्हणत त्याने चुलीजवळचे दोन काळे तवे उचलले आणि आम्हा दोघींना ते भाकरीच्या दोन्ही बाजूंना, फोटोत येणार नाहीत असे, उभे धरायला लावले. काळ्या तव्यांनी बाजूचा उजेड अडवला, तशी भाकरीची कड गडद होऊन फोटोत ठसठशीत उमटली. फोटोवाला आनंदाने टुणकन उडालाच.

बाई फोटो बघून म्हणाल्या, "पोरा, आता गिऱ्हाईक बोर्डच चावंल की!"