मांडव नाही, तर धवला नाही

प्रवासानं माणूस बदलतो, असं आमच्या कॉलेजच्या जिन्यात रंगवलेलं होतं. कोण म्हणालं ते लिहिलेलं नव्हतं. माझा अनुभव असा की प्रवासानं आधी पोट बिघडतं, मग बोलणं बिघडतं, आणि माणूस बदलायची पाळी येईपर्यंत सुट्टी लागते.

मी विरारची. फुलपाड्याच्या बिल्डिंगी सरकत सरकत ज्या गावठाणाच्या अंगणापर्यंत आल्या, त्यातल्या एका घरातली. आजोबांपर्यंत भातशेती होती. बापूस टेम्पो चालवतो, आई घर चालवते आणि जमेल तेवढं बापाला. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पदवी मिळाली तेव्हा बापानं ती फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी ठोकली, आणि आई आठवडाभर दोघांना एकाच उदबत्तीनं ओवाळत होती. मी हे कुणी विचारलं नाही तरी सांगते. चार पिढ्यांचं सांगायचं राहिलेलं आहे, मी सांगणारच.

पदवीनंतर समाजकार्याचं शिकायला दोन वर्षं कोल्हापूरला गेले. पहिल्याच दिवशी मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींना म्हटलं, “मना भात दे.” अख्ख्या टेबलाचे घास हवेत थांबले. पुढचे तीन महिने हॉस्टेलवर माझं नाव ‘मना’ होतं. मी स्वाभिमानी बाई, म्हणून मी ताबडतोब शरण गेले. आरशासमोर उभी राहून ‘पाणी, लोणी, कोण’ घोकलं. पुस्तकातल्यासारखं बोलू लागले, तर मुली म्हणाल्या, “बातम्या वाचतीस का काय?” मग त्यांच्यासारखं बोलू लागले. दिवाळीपर्यंत ‘लय’ आणि ‘गा’ अंगात मुरलं. एकदा घरी फोन केला तर आईनं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि फोन बापाकडे दिला. “बँकेतली बाय हाय कोन तरी. सांग, कर्ज नको.”

मला तेव्हा हसू आलं. तो विनोद मी मेसमध्ये सगळ्यांना सांगितलासुद्धा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. बहीण वसईला एका कपड्यांच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर गिऱ्हाइकांशी चार भाषांत भांडते आणि संध्याकाळी आमच्याशी पाचवीत. तिनं लग्नात फार काही मागितलं नाही. डीजे तर होताच, त्याच्याशिवाय आमच्याकडे बारसंही होत नाही. पण तिला हळदीला धवलारीण पाहिजे होती.

आमच्याकडे लग्नात भटजी येतो, पण त्याच्याआधी धवलारीण लागते. म्हातारी, जाणती बाई. मांडवात बसून ती धवले गाते, गाण्यातूनच देवांना, शिवेवरच्या राखणदारांना, पितरांना एकेक करून लग्नाला बोलावते. तिचं ऐकून मागची बाई तीच ओळ धरते. पूर्वी प्रत्येक गावात दोन-तीन असायच्या. आता आसपास एकच उरली होती. बाकीच्या मांडवांत मोबाईलला स्पीकर जोडून देव बोलावतात.

“ती आयली तरच हलदीला बसेन,” बहीण म्हणाली. “नायतर तशीच उभी राहीन.”

बोलवायला कुणी जायचं, तर आई म्हणाली, “तू शिकलेली हायस, तू जा.” नारळ, पान-सुपारी ताटात ठेवून दिली आणि बजावलं, “बस. पानी पी. पयलं ती बोलेल, मंग तू बोल. शानपना करू नको.”

यातलं पाणी तेवढं मी प्यायले.

धवलारीण आता गावठाणात राहत नव्हती. तिचं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली होती आणि बदल्यात तिला त्याच जागी, पण तिसऱ्या मजल्यावर, घर मिळालं होतं. लिफ्ट बंद होती. वर पोचले तर म्हातारी शेजारच्या भय्यिणीशी दारात हिंदीत बोलत होती. ते हिंदी भय्यिणीला कळत होतं, मला नाही.

आत गेले, पाणी प्यायले, ताट पुढे केलं. तिनं नारळ हातात घेतला, कुणाची कोण विचारलं. तिथंच गप्प बसले असते तर ही गोष्ट संपली असती. पण मला कोल्हापुरात शिकवलं होतं की कुणाकडून ज्ञान घेताना आधी त्याची माहितीपूर्ण संमती घ्यावी. मी पर्समधून छापील फॉर्म काढला.

“आजी, आपल्याकडील हा अमूल्य ठेवा जतन व्हावा असं मला वाटतं. आपली हरकत नसेल तर मी आपलं ध्वनिमुद्रण करते. आत्ता दोन ओळी म्हणून दाखवता का? फक्त आवाज तपासायला.”

आणि फोन तिच्या तोंडापुढे धरला.

म्हातारीनं फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “आज लगीन कोनाचं हाय?”

“आज नाही, आजी. पुढच्या पंधरवड्यात. बहिणीचं.”

“मांडव कुठं हाय?”

“तो अजून घालायचाय.”

“मंग धवला कशाला? देवाना हाका मारल्या नि ते आले, तर बसवू कुठं? या सोफ्यावर?”

मी हसले. तोही शहाणपणाच. मला वाटलं म्हातारी गंमत करतेय. म्हणून मी समजावणीच्या सुरात म्हटलं की हे फक्त नमुन्यादाखल आहे, खरं नाही.

“खोटा धवला?” तिनं विचारलं. आवाज चढला नाही. तिनं नारळ परत माझ्या ताटात ठेवला, पान-सुपारीसकट. “ने. मी नाय येनार. तुजे फोनलाच हलदीला बसव.”

आमच्याकडे नारळ परत येणं म्हणजे काय ते सांगते. मुलगी बघायला येऊन पाहुण्यांनी चहा न पिता उठून जाणं, त्याच्या वर दोन मजले. तो नारळ घेऊन गावठाणातून चालत येताना मला ओसरीओसरीवरून बायकांनी पाहिलं. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आईनं नुसतं देव्हाऱ्याशेजारच्या फ्रेमकडे एकदा बघून घेतलं.

बहीण मात्र बोलली. “कोलापूरला लोकांशी बोलाला शिकवतान ना? दोन वर्षं? आनि एका म्हातारीशी बोलता नाय आला तुना?” मग ती रडली. माझी बहीण गिऱ्हाइकानं तोंडावर साडी फेकली तरी रडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तीन मजले चढले. फोन घरी ठेवला होता. म्हातारी गॅलरीत बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मला बघून ती सरकली नाही, पण सूप थोडं माझ्या बाजूला ढकललं. मी खाली बसले आणि सोलू लागले. माझे अर्धे दाणे खाली पडत होते. तिनं ते एकेक वेचून सुपात टाकले. समोरच्या बिल्डिंगीतून कुणाच्या तरी कुकरच्या पाच शिट्या झाल्या. पहिली ती बोलली.

“काय शिकतंस तू?”

“माणसांना मदत कशी कराची ते.” माझ्या तोंडून ‘कराची’ आलं आणि पाठोपाठ, “लय अभ्यास असतोय गा.”

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. “तुजी जीब मेली सगला मुलुख फिरून आयली. एका जागी बसतं कवा?”

“चुकलं माझं, आजी. मना नाय कललं.”

“तुना कललं नाय ते दिसला. मना बी एक नाय कलत.” तिनं शेंग मोडली. “माजे मांगं धवला धरनारी होती, ती गेली पोराकरं बोईसरला. तिचे गुरघे गेले. एकटी गाऊ कशी? मी हाक मारली नि मांगून कोनी बोलला नाय, तर देव म्हनतील, घरान मानसा नाय काय? काल तू आयलीस तवा मना वाटला, ही शिकलेली पोर, हिला इचारू.” ती थांबली. “तर तू कागद कारलास.”

म्हणजे ती मलाच विचारणार होती.

“मी धरीन,” मी म्हटलं. “पण मला एकही धवला येत नाही. आज-उद्या थोडं शिकवशील?”

“मांडवाबिगर?”

“बरं. नुसते शब्द सांग.”

“नुसते शब्द म्हंजे काय?”

इथं माझं शिक्षण संपलं. धवला मांडवाशिवाय म्हणायचा नाही, म्हणजे त्याची तालीम करता येत नाही. तो शिकायचा तर मांडवातच, सगळ्या गावासमोर, खरे देव बोलावताना. तू कशी शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, “चुकत. सासू चिमटा घ्यायची.” आणि तिनं माझ्या मांडीकडे असं बघितलं की मला जागा कळली.

ती येईन म्हणाली. घरी सांगितलं तर बहिणीनं विचारलं, “आनि मांगं कोन?” मी म्हटलं, मी. तिनं वर बघून हात जोडले. मग म्हणाली, “देवा.”

हळदीच्या दिवशी दुपार कलल्यावर डीजे बंद केला. डीजेवाला पोटावर हात ठेवून स्पीकरच्या सावलीत आडवा झाला. बहीण पाटावर बसली, बायकांनी तिला हळद लावली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं डोळे मिटून पहिली ओळ सोडली. आवाज केवढासा, पण मांडवातली कुजबुज थांबली. ओळ माझ्याकडे आली. मी ती धरली आणि शेवटचा शब्द हॉस्टेलच्या आरशासमोरचा निघाला, स्वच्छ आणि ताठ, जणू आकाशवाणीवरून देवांना सूचना. बायका फिदीफिदी हसल्या. चिमटा बसला.

म्हातारीनं तीच ओळ पुन्हा घेतली. मग पुढची, मग पुढची. आठव्या-नवव्या देवाला मी ओळ पुरती न ऐकताच शिवेवरच्या राखणदाराच्या आधी पितरांना बोलावलं. म्हातारी थांबली. मला वाटलं, उठते आता. तिनं मान हलवली आणि पहिल्या देवापासून परत सुरुवात केली. रांग मोडली की बोलावणं पहिल्यापासून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कसं?

दुसऱ्यांदा मी आणखी पुढे जाऊन चुकले. तिसऱ्यांदा सुरुवात झाली तेव्हा डीजेवाला उठून बसला आणि त्यानं लांबूनच विचारलं, “ताई, अजून किती गाणी?” मागे बसलेल्या माझ्या काकूनं त्याला दोन शब्दांत बसवलं. जेवण थंड होत होतं. आई माझ्याकडे बघत नव्हती. मी बहिणीकडे बघितलं. तिच्या तोंडावरची हळद वाळून कडक झाली होती, गालावर बारीक भेगा पडल्या होत्या. दोन बायका पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाल्या, आंघोळ उरकून टाकू म्हणाल्या. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

“थांबा. तिचा होऊ दे. मी बसलंय.”

ओळ आली. मी ती ऐकली, म्हणजे खरंच ऐकली, आणि माझ्या तोंडून ती जशी आली तशीच गेली. राखणदार आले, मग पितर. मागून काकूनं आवाज मिसळला, मग आणखी कुणी. म्हातारीचा हात माझ्या मांडीवर होता, पण चिमटा नव्हता. मी धीर करून बहिणीकडे बघून भुवया उडवल्या.

“हसवू नको गो,” ओठ न हलवता ती म्हणाली, “हलद फुटतंय.”

म्हातारीनं पुढची ओळ सोडली होती. मी ती धरली.