एका बाजूचा गोऱ्हा

अमेरिकेत कुठेसं युद्ध पेटलं आणि इकडे चांदूर बाजाराच्या पट्ट्यातल्या पुरुषांची डोकी फिरली. तिकडचा कापूस अडला, तसा आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती, त्याने बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढवली आणि स्वतःच्या मिशीला तूप लावलं. माझा थोरला भाऊ त्यात सगळ्यांच्या पुढे. बैलाची पारख आपल्यासारखी कुणाला नाही, असं तो सांगत फिरे. दुसऱ्या कुणी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही.

अमरावतीला कापूस नेताना या शहाण्याने भरल्या गाडीवर उभं राहून शर्यत लावली आणि तोल जाऊन जुवाच्या खुंट्यावर दोन्हीकडे पाय टाकून आदळला. सरकारी दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरने भूल देऊन त्याचं डावं अंड काढून टाकलं. त्याचा पार चेंदा झाला होता. मी शेजारी उभा होतो. दादा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरने मोडक्या हिंदुस्थानीत समजावलं, की पिशवीत अंडी दोन असतात, दोन्हींच्या नळ्या वेगळ्या असतात, आणि प्रत्येक अंड आपलं बीज आपण तयार करतं. "एक गया, दूसरा पूरा काम करेगा. बच्चे होंगे." दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी जखम बांधताना आईने पाहिलंच. तिचा हिशेब सोपा होता: दोन असली तर मर्द, एक असलं तर अर्धा, आणि अर्धा म्हणजे नाहीच. गोरा काय, पैसे घेऊन गोड बोलतो, असं तिचं मत. दादाचंही तेच. जखम भरल्यावर तो बायकोजवळ जात होता, त्यात काही उणं नव्हतं. पण अंगात जोर उरला तरी बीज उरलेलं नाही, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं. बैलाचा दात बघून वय सांगणारा माणूस, पण स्वतःच्या धोतरात काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता.

सहा महिन्यांनी वहिनीला दिवस गेले. "माझं नाही," दादा म्हणाला. आईने तिला मूर्तिजापूरकडे माहेरी पोचवायचं ठरवलं. असा ठपका घेऊन परत गेलेल्या पोरीला त्या काळी विहीरच जवळ असे, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिने तीन दिवस शपथा घेऊन सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

डॉक्टरचे शब्द मी ऐकले होते. पण घरात दुसरा पुरुष मीच. तिची बाजू घेतली असती तर बोट माझ्याकडे वळलं असतं. म्हणून ते तीन दिवस मी पोटभर जेवलो आणि गप्प बसलो. दादाला मूर्ख म्हणायचा मला किती हक्क आहे, ते यावरून बघा.

चौथ्या सकाळी गाडी जुंपताना माझ्या हाताखाली आमचा तांबडा बैल आला. दोन वर्षांपूर्वी, हा गोऱ्हा होता तेव्हा, दादाने फुशारकीने तो स्वतः ठेचला होता. ठेचणं म्हणजे पिशवीच्या वरची नस दोन काठ्यांत धरून चेचायची. नस मेली की खालचं अंड सुकतं. दादाच्या हातून उजवी नस निसटली. एकच अंड सुकलं, आणि त्याच उन्हाळ्यात त्या गोऱ्ह्याने आमची मोरी गाय गाभण केली. मग जाणत्या माणसाला बोलावून काम पुरं करावं लागलं. गावभर हसू झालं होतं.

"दादा, मोरीचं वासरू कोनाचं?" मी विचारलं.

"याचंच. कावून?"

"तवा याले किती होते?"

दादाने तांबड्याकडे पाहिलं, मग दारातल्या आईकडे. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. आई पुटपुटली, "एकच होतं बाप्पा." दादाने बैल सोडले. "जाय, घरात जाय," तो बायकोला म्हणाला. माफीबिफी काही नाही. उलट हात मिशीवर गेला. एकावरही आपण भागवलं, हे आता तो चावडीवर सांगणार होता.

वहिनी काखेत बोचकं घेऊन तिथेच उभी राहिली. दादाकडे तिने पाहिलंही नाही.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "डाक्टरनं सांगतलं तवा तुमी तिथंच होते ना?"

"हो."

"अन् मीबी तीन दिवस सांगून राहिली. मंग मले घरात ठेवाले गायीची साक्ष कावून लागली?"

मला उत्तर सुचलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. उत्तर होतं: मी भ्यालो होतो. तेवढंही मी तिला सांगितलं नाही.