डाव्या पायाला तीन मात्रा

तुर्की संगीत मी पहिल्यांदा ऐकलं ते हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात, आणि ऐकल्या ऐकल्या ते बंद करायला सांगितलं.

कारखान्यात मी ऑर्डरी आणि माल रवाना करण्याचं काम बघते. कुठली मूर्ती वाळली, कुठलीचा अंगाचा रंग झाला, कुठलीचे डोळे आखायचे राहिले, हे सगळं माझ्याकडच्या याद्यांत असतं. रंगकामाला बसणाऱ्या बायकांपैकी एकीचा नवरा जहाजावर आहे. त्याचं जहाज दुरुस्तीसाठी तुर्कस्तानच्या गोदीत तीन महिने अडकलं होतं. रिकाम्या वेळात त्याने तिथली जुनी गाणी जमवली आणि बायकोला फोनवर पाठवली. तिने ती स्पीकरवर लावली.

"स्पीकर बिघडलाय का गो तुझा?" मी विचारलं.

"नाय ताई, गाणंच तसं हाय. चालता चालता ठेच लागल्यासारखं करतं."

पलीकडे पितांबर रंगवणारी म्हणाली, "दुसऱ्यांचे नवरे अत्तर आणतात, साबण आणतात. हिचा ठेचकाळणारी गाणी धाडतो!"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, बंद कर, माझा हिशेब चुकतोय. ते खरंच होतं. मी मूर्ती मोजत होते आणि त्या गाण्याने दर वेळी माझा आकडा पुढेमागे होत होता. मग तिने बंद करायच्या आत मी मूर्ती सोडून गाणंच मोजलं. दोन, दोन, दोन आणि तीन. नऊ. पुन्हा नऊ. चुकत काहीच नव्हतं. ठेच ठरल्या जागी, ठरल्या वेळी लागत होती.

"राहू दे जरा," मी म्हटलं.

त्या दिवसांत माझं लक्ष कामात निम्मंच होतं. माझे बाबा रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावात एकटे राहतात. दिवाळीच्या आधी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात बराचसा सुधारला, पाय मागे राहिला. मी त्यांना पेणला माझ्याकडे आणायचं ठरवलं होतं, खोलीही रिकामी केली होती. ते यायला तयार नव्हते. शेवटी त्यांनीच तोड काढली. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत कुंडलिका नदीचा पूल एकट्याने चालत ओलांडून रोह्याला गेले तर अष्टमीलाच राहणार. नाही जमलं तर एक शब्द न बोलता पेणला येणार. जूनपासून कारखान्यात रविवारची सुट्टी नसते, मला येता येत नाही, म्हणून मे.

मी लगेच तक्ता केला. दर रविवारी पेणहून सकाळच्या गाडीने रोहा, तिथून रिक्षाने पुलापलीकडे घर. पडवीत चालण्याचा सराव, पावलं किती, तोल किती वेळा गेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, एक-दोन, एक-दोन करत चालवा, सोबत गाणं लावलंत तर चांगलं. मला वाटलं, यात काय अवघड आहे? बाबांनी चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवला. मी त्यांच्याच मंडळाचं रेकॉर्डिंग लावलं.

ते पडले. त्या रविवारी एकदा, पुढच्या रविवारी दोनदा. मी वहीत लिहिलं, 'लक्ष देत नाहीत.'

खरा प्रकार तिसऱ्या रविवारी मला दिसला. उजवा पाय ठेक्यावर पडायचा. डावा उचलायला वेळ लागायचा, तोवर त्याची मात्रा निघून जायची. आणि मात्रा गेली की बाबा तो पाय टेकवायचेच नाहीत. पुढची सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, येईपर्यंत पाय तसाच अधांतरी धरून ठेवायचे. एका पायावर उभा राहिलेला सत्तरीचा माणूस किती वेळ टिकणार?

"बाबा, पाय टेका ना! कुठेही टेका!"

"कुठंबी कसा टेकू? पखवाज वाजतोय, ऐकू येत नाय तुला?"

"तुम्ही वाजवत नाही आहात, चालताय!"

"बेताल चालू?" त्यांनी असं विचारलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते.

गाणं न लावता चालवून पाहिलं. तर ते मनात ठेका धरायचे आणि तिथेही हेच. मार्च अर्धा सरला होता. पडवीची लांबी वीस पावलं. पूल केवढा, हे मी मुद्दामच मोजलेलं नव्हतं.

कारखान्यातल्या त्या बाईकडून मी सगळी गाणी घेतली. त्रेचाळीस होती. पेण-रोहा गाडीत जाता-येता ती ऐकून वहीत वर्गवारी केली. सरळ चाराची बरीच निघाली, ती बाजूला काढली. सातांची पाच, नवांची अकरा. नवातली बहुतेक पळणारी, दोनच संथ.

गाण्यांबद्दल थोडं वाचलंही. साठ-सत्तरच्या दशकांत तिकडच्या तरुणांनी आपली गावाकडची गाणी घेतली आणि विजेवरच्या वाद्यांवर चढवली. आपल्या तंबोरीसारखं लांब मानेचं एक वाद्य आहे, त्याला वायर जोडली. त्याच काळात पाश्चात्य तरुण नशेतल्या भासांसारखे आवाज काढायच्या मागे होते, ते आवाजही यांनी उचलले. त्यामुळे होतं असं की गाणारा शेताच्या बांधावर बसल्यासारखा गातो आणि त्याच्या मागे तार गुरगुरते, लांबते, विहिरीत बोलल्यासारखी घुमते. आधी मला ते नीट न पुसलेल्या काचेतून बघितल्यासारखं वाटायचं. निडी स्टेशन येईपर्यंत एखादं गाणं तीनदा ऐकून व्हायचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी लक्षात आलं की मोजणी झाली तरी मी ऐकतेच आहे. ते मात्र वहीत लिहिलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी बाबांना आधी सातांचं ऐकवलं.

"सात," ते लगेच म्हणाले. "आपला रूपक तालपण सातांचाच. पण ह्यांनी तोडलाय वेगळा." मग भुवया चढवून म्हणाले, "हा तार वाजवणारा काय पिऊन बसलाय?"

सातांवर चालणं फसलं. दोन, दोन, तीन. पावलं तीन आणि पाय दोन, त्यामुळे लांब मात्रा एकदा उजव्याला मिळायची, एकदा डाव्याला. बाबा तुळशीच्या कट्ट्याला धरून सावरले. मी ती पाचही गाणी खोडली.

मग संथ नवाचं लावलं. बाबा दोन आवर्तनं नुसते उभे राहिले, मांडीवर बोटांनी मोजत. मग उजवा पाय टाकला. दोन. डावा, घाईने, जेमतेम. दोन. उजवा, दोन. आणि डावा, सावकाश, तीन. पाय समेच्या आधी टेकला. ते थांबले नाहीत. पडवीच्या टोकापर्यंत गेले, भिंतीला हात लावला आणि तिथेच उभे राहिले.

"दर चौथ्या पावलाला सवड देतात ही माणसं," भिंतीकडेच बघत ते म्हणाले.

"बरोबर वाटतंय?"

"तालात हाय." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

व्यायामाच्या बाईंना हे पसंत पडलं नाही. दोन्ही पाय सारखे पडायला हवेत, म्हणाल्या. मी त्यांना पडण्याचा तक्ता दाखवला. मार्चमध्ये नऊ वेळा, एप्रिलमध्ये एकदा. त्या म्हणाल्या, बरं, पण काठी हवीच. काठी ठरली.

मेच्या शेवटच्या शनिवारी मी रात्रीच येऊन राहिले आणि रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. ठरलं होतं की मी दहा पावलं मागे राहीन आणि हात लावणार नाही. फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, तेच गाणं पुन्हा पुन्हा लागेल असा लावलेला. पुलाच्या मध्यापर्यंत सगळं ठीक झालं. मग कंपनीची शिफ्ट सुटल्याच्या गाड्या सुरू झाल्या आणि हॉर्नमध्ये गाणं बुडालं. बाबा थांबले. डावा पाय अर्धा उचललेला.

मी दहाची सात पावलं केली.

मंडळातला एक टाळकरी स्कूटरवरून चालला होता, त्याने ब्रेक लावला. "काय बुवा, सोडू का पलीकडं?"

"हात लावू नको, नऊ मोजतोय!"

"नऊ काय?"

बाबांनी पाय टेकवला, कठड्याला पाठ लावली, डोळे मिटले. मग मोठ्याने बोल म्हणायला लागले, पखवाजाचे, पण नवात बसवलेले. गाणं पुन्हा ऐकू येईल याची त्यांनी वाट पाहिली नाही. आपलीच सम धरली आणि उजवा पाय टाकला. टाळकरी स्कूटर ढकलत शेजारून चालू लागला आणि थोड्या वेळाने त्याची मानही चौथ्या झटक्याला थांबायला लागली.

रोह्याच्या बाजूला पहिल्या टपरीच्या बाकावर बाबा बसले. चेहरा घामाने भिजला होता, डावा पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवला. परत चालत जाणं शक्य नव्हतं, हे आम्हा दोघांना कळत होतं. मी वही उघडली. एकट्याने आंघोळ, एकट्याने स्वयंपाक, पावसाळ्यातलं ओलं अंगण. भीतीची यादी चांगली लांब होती. पण ठरलं होतं ते पुलाचं.

"शेजारच्या काकू सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जातील," मी म्हटलं. "त्याला नाही म्हणायचं नाही."

"नाय म्हणत."

"आणि पेणची खोली मी तशीच ठेवणार."

"ठेव. पावण्यारावळ्यांना होईल." त्यांनी सदऱ्याचा खिसा माझ्यापुढे केला. "आता चहा सांग. आणि हे बंद कर गो, त्या तारेने डोकं उठलं माझं."