तिसरी सही

अमोनियाचा वास आला की बारामतीजवळच्या आमच्या सायन्स कॉलेजातली नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवते. अमोनियाच्या बाटलीवर चुकीची चिठ्ठी मी लावली होती. त्यातून एका मुलीचा हात भाजला, आणि चौकशी समितीने दोष वरकुटे गावाहून येणाऱ्या लॅब अटेंडंटवर ठेवून त्याला कामावरून काढायचा ठराव लिहिला. मी समितीत होतो, पण बैठकीला मुद्दाम गेलो नाही. मग शिपाईच रजिस्टर घेऊन लॅबमध्ये आला. “सर, तिसरी सही ऱ्हायलीय. तिच्याबिगर ठराव व्हत न्हाय.” कसला ठराव, हे बेसिनपाशी ब्युरेट धुणाऱ्या त्या अटेंडंटला ठाऊक नव्हतं. “हात वला हाय सर तुमचा, शाई फुटंल,” म्हणत त्यानं खांद्यावरचा पंचा पुढे केला. मी हात पुसला, सही केली. न वाचताच केली, असं आजवर घरीही सांगत आलो. ठराव मी वाचला होता.